हाताच्या अंतरावर व्हीआर का अडखळतं?

व्हीआर हेडसेटबद्दलचा कुठलाही लेख उघडा, पहिला आकडा पिक्सेलचा असतो. एका डोळ्याला अमुक गुणिले तमुक, मागच्या मॉडेलपेक्षा इतके जास्त. पीएचडीसाठी विषय शोधणारे विद्यार्थीही बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात: डिस्प्लेचं रिझोल्यूशन वाढवण्यावर काही करता येईल का? प्रश्न वाईट नाही, पण तो बराचसा कारखान्यात सुटतोय. सिलिकॉनच्या चकतीवर ओएलईडीचे सूक्ष्म पिक्सेल उभे करणारी यंत्रं आपल्या विद्यापीठातल्या लॅबमध्ये नाहीत, आणि गाईडने कितीही प्रस्ताव पाठवले तरी लवकर येणार नाहीत.

मला तुम्हाला दुसऱ्या एका प्रश्नाकडे न्यायचंय. तो पिक्सेलचा नाही, अंतराचा आहे. आजचा बहुतेक प्रत्येक हेडसेट लांबचं जग छान दाखवतो आणि हाताच्या अंतरावर आलेली वस्तू दाखवताना डोळ्यांना त्रास देतो. आता गंमत बघा: व्हीआरमध्ये आपल्याला जे करायचं असतं, म्हणजे शस्त्रक्रियेचा सराव, यंत्राची जोडणी, हातात घेऊन वाचणं, ते सगळं हाताच्याच अंतरावर होतं.

तिथवर पोचायला आधी थोडी पायाभरणी करू.

पिक्सेल नाही, अंश मोजा

मोबाईलच्या पडद्यावर इंचामागे किती पिक्सेल हे विचारणं ठीक आहे. हेडसेटमध्ये त्याला अर्थ नाही, कारण पडदा डोळ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर असतो आणि मधलं भिंग तो ताणून मोठा करतं. इथे विचारायचं ते असं: डोळ्याला दिसणाऱ्या कोनाच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात? याला पीपीडी म्हणतात.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर तक्ता असतो आणि चांगल्या नजरेला ६/६ म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. ६/६ म्हणजे डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. म्हणून ६० पीपीडी हा आकडा सगळीकडे लक्ष्य म्हणून येतो. २०१३ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्टच्या पहिल्या डेव्हलपर किटमध्ये एका डोळ्याला आडवे ६४० पिक्सेल होते आणि ते साधारण ९० अंशांवर पसरलेले होते. भागाकार केला तर ७ पीपीडी. तक्त्याच्या भाषेत ती नजर ६/६० च्या जरा वर येते, म्हणजे सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचून माणूस थांबेल. मेटा क्वेस्ट ३ साठी कंपनी २५ पीपीडी सांगते. ते ६/१२ आणि ६/१८ च्या मध्ये कुठेतरी पडतं. दहा वर्षांत ही मोठीच मजल आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पेपर वाचताना कामाला येईल. क्वेस्ट ३ चे एका डोळ्याचे आडवे २०६४ पिक्सेल आणि ११० अंशांचं क्षेत्र घेऊन तुम्ही स्वतः भागाकार केलात तर उत्तर १९ च्या आत येतं, २५ नाही. कुणी खोटं बोलत नाहीये. ११० अंश हे दोन्ही डोळ्यांचं मिळून क्षेत्र आहे, एकाचं नाही. शिवाय भिंग सगळीकडे सारखं ताणत नाही, त्यामुळे मधला आकडा आणि कडेचा आकडा वेगळा असतो. पीपीडी सांगणाऱ्या पेपरात तो मधला आहे की सरासरी, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची तुलना दुसऱ्या कशाशीही करू नका.

आणि ६० पीपीडी पूर्ण नजरेभर हवे असतील तर? एक डोळा आडवा साधारण १५० अंश आणि उभा १३० अंश पाहतो. ९००० गुणिले ७८००, म्हणजे एका डोळ्याला सात कोटी पिक्सेल. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २.३ कोटी आहेत. अंतर अजून आहे, पण वाट सरळ आहे. म्हणूनच म्हटलं की हे काम कारखान्याचं.

भिंग आणि प्रकाशाची उधळपट्टी

पडदा डोळ्याला चिकटवला तर काहीच दिसणार नाही, कारण इतक्या जवळ आपलं भिंग फोकस करू शकत नाही. म्हणून मध्ये एक बहिर्गोल भिंग ठेवतात, आणि पडदा त्याच्या नाभीय अंतराच्या किंचित आत. शाळेत शिकलेली भिंगाची आकृती आठवा: वस्तू नाभीच्या आत असेल तर आभासी, मोठी आणि लांबची प्रतिमा मिळते. हेडसेटचं सगळं प्रकाशशास्त्र या एका आकृतीवर उभं आहे. ही आभासी प्रतिमा डोळ्यापासून साधारण दीड-दोन मीटरवर पडेल अशी रचना बहुतेक जण करतात. हा दीड-दोन मीटरचा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळा घोळ तोच घालणार आहे.

जुने हेडसेट फ्रेनेल भिंग वापरायचे. दीपगृहात असतं तसं, वर्तुळाकार खाचा असलेलं. हलकं आणि स्वस्त, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आलं की खाचांवरून प्रकाश विखुरतो आणि अक्षराभोवती किरणं फाकलेली दिसतात. आता पॅनकेक भिंगं आली आहेत. त्यात अर्धपारदर्शक आरसा आणि ध्रुवीकरणाच्या पापुद्र्यांच्या मदतीने प्रकाश आतल्या आत मागे-पुढे फिरवतात, म्हणजे थोड्या जागेत लांब वाट बसते आणि हेडसेट पातळ होतो. किंमत मात्र जबर. अर्धपारदर्शक आरशातून पार जाताना निम्मा प्रकाश जातो, परतून त्यावर आपटताना उरलेल्याचा निम्मा जातो. राहिला पाव. पडद्याचा प्रकाश मुळात ध्रुवीकृत नसेल तर सुरुवातीलाच निम्मा कापला जातो, मग उरतो आठवा हिस्सा.

यात भर पडते ती पर्सिस्टन्सची. तुम्ही मान वळवत एखाद्या वस्तूकडे पाहत राहता, तेव्हा डोळा वस्तूवर टिकून राहतो, पण पडदा मात्र मानेबरोबर फिरत असतो. मान सेकंदाला १०० अंश वेगाने फिरतेय असं धरा. कुणी मागून हाक मारली तर आपण याहून जोरात वळतो. ९० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र ११ मिलिसेकंद राहतं. तेवढ्यात पडदा १.१ अंश सरकतो, आणि २५ पीपीडीच्या पडद्यावर ती २७ पिक्सेलची फरफट झाली. कष्टाने मिळवलेलं रिझोल्यूशन मान वळताच मातीत. उपाय म्हणून चित्र ११ पैकी फक्त दोनेक मिलिसेकंद उजळवतात आणि बाकीचा वेळ पडदा काळा ठेवतात. फरफट पाच पिक्सेलवर येते, पण उजेडही पाचव्या हिश्शाच्या खाली उतरतो. पॅनकेकचा आठवा आणि हा पाचवा असा गुणाकार केला तर मूळ उजेडातला चाळिसावा भागही डोळ्यापर्यंत पोचत नाही. बाजारातल्या हेडसेटवर बाहेरच्या उन्हासारखं लख्ख ऊन का दिसत नाही, ते इथे कळतं.

हे सगळं अभियांत्रिकीचं देणं-घेणं आहे. एक वाढवा, दुसरं कमी होतं. आता मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण तिथली अडचण वेगळ्या जातीची आहे.

पेन आणि कॅलेंडर

आत्ता हातातलं पेन उभं धरा, नाकासमोर फूटभर अंतरावर. त्याच्या मागे तीन-चार मीटरवर भिंतीवरचं कॅलेंडर असू द्या. पेनाच्या टोकाकडे नीट बघा, नजर तिथेच ठेवा, आणि कॅलेंडर कसं दिसतंय याकडे फक्त लक्ष द्या.

कॅलेंडरला दोन गोष्टी झाल्यात. ते दोन दिसतंय आणि ते धूसर दिसतंय. आता नजर पेनावरच ठेवून एक डोळा मिटा. दोनाचं एक झालं, पण धूसरपणा तसाच राहिला. म्हणजे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिलीत दोन्ही डोळे आत वळून एका बिंदूवर मिळतात, तिला व्हर्जन्स म्हणतात. दुसरीत डोळ्यातलं भिंग फुगून किंवा चपटं होऊन फोकस करतं, तिला अकोमोडेशन. मराठी पुस्तकांत अभिसरण आणि समायोजन असे शब्द सापडतात, पण पेपर वाचायचे असतील तर हे इंग्रजी शब्द कानाला सवयीचे झालेले बरे.

खऱ्या जगात या दोन यंत्रणा कधी भांडत नाहीत. पेन ३० सेंटिमीटरवर असेल तर डोळे ३० सेंटिमीटरवर वळतात आणि भिंगही ३० सेंटिमीटरलाच फोकस करतं. मेंदूने दोन्हींना एकमेकांशी बांधूनच टाकलंय. एक हलली की दुसरी आपोआप ओढली जाते.

हेडसेटमध्ये हे बंधन तुटतं. दोन डोळ्यांना दिलेली दोन चित्रं पेन ३० सेंटिमीटरवर असल्याचं सांगतात, म्हणून डोळे तिथे वळतात. पण प्रकाश येतोय तो दोन मीटरवरच्या आभासी प्रतिमेतून. भिंगाने ३० सेंटिमीटरला फोकस केलं तर चित्र धूसर, दोन मीटरला केलं तर व्हर्जन्सशी फारकत. याला व्हर्जन्स-अकोमोडेशन कॉन्फ्लिक्ट म्हणतात, पेपरांत थोडक्यात व्हीएसी.

किती मोठी ही फारकत? इथे मीटरमध्ये विचार केला की फसायला होतं. डायऑप्टर घ्या, म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त. नाव अनोळखी वाटलं तरी चष्म्याचा नंबर आपण याच एककात सांगतो. दोन मीटर म्हणजे ०.५. एक मीटर म्हणजे १. तीस सेंटिमीटर म्हणजे ३.३. अनंत अंतर म्हणजे शून्य. बर्कलेच्या मार्टिन बँक्स यांच्या गटाने २०११ मध्ये माणसाला किती तफावत सहन होते ते मोजलं. ती सीमा अंतराप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते, पण डिझाइन करणारे ढोबळमानाने अर्धा डायऑप्टर धरतात.

आता हिशेब करून पाहा. प्रतिमा ०.५ वर आहे. अर्धा खाली गेलो तर शून्य, म्हणजे क्षितिजापर्यंत सगळं आरामात. अर्धा वर गेलो तर १, म्हणजे एक मीटर. क्षितिजापासून एक मीटरपर्यंत सगळं जग सोयीचं, आणि एक मीटरच्या आत, जिथे आपले हात पोचतात, तिथे तफावत झपाट्याने वाढते. पेनाच्या ठिकाणी ती २.८ डायऑप्टर होते. व्हीआर ॲपमधले मेनू हाताला लागणार नाहीत अशा अंतरावर का तरंगतात आणि किरण रोखून का निवडावे लागतात, त्याचं एक कारण हे आहे. डिझाइन करणाऱ्यांनी समस्या सोडवलेली नाही, तिला वळसा घातलाय.

हा दोष आजचा नाही. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपचं वर्णन केलं, तेव्हाच दोन सपाट चित्रांतून खोली उभी करण्याची युक्ती मिळाली, आणि सपाट चित्राचं अंतर एकच असल्यामुळे ही फारकतही तिच्याबरोबरच आली. १९६८ मधलं आयव्हन सदरलँड यांचं छताला टांगलेलं हेड-माउंटेड डिस्प्ले, ४० अंशांचं क्षेत्र आणि दोन छोट्या सीआरटी नळ्या असलेलं, तेही त्याच वाटेने गेलं. डोक्यावर काही लादायचंच नको म्हणून शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी १९९२ मध्ये केव्ह दाखवली: खोलीच्या भिंतीच पडदे आणि तुम्ही मध्ये उभे. तिथे भिंत हेच फोकसचं अंतर. हातातली वस्तू तिथेही तशीच अडते.

पण त्रास याचाच, हे कसं सिद्ध करणार?

इथे जरा थांबा, कारण संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

हेडसेट घालून अर्धा तास बसल्यावर डोळे दुखतात. कारण व्हीएसी? असेलही. पण हेडसेटचं वजन आहे, मान हलवल्यावर चित्र यायला लागणारा उशीर आहे, भिंगाची विकृती आहे, कोरडे झालेले डोळे आहेत. हे सगळं एकाच वेळी चालू असताना एकाच कारणाकडे बोट दाखवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यासाठी असं उपकरण हवं, ज्यात बाकी सगळं तसंच ठेवून फक्त फोकसचं अंतर बरोबर किंवा चूक करता येईल.

ते बांधलं कर्ट एकली यांनी. हे गृहस्थ सिलिकॉन ग्राफिक्स या नावाजलेल्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीतली इतकी वर्षं झाल्यावर ते पीएचडीसाठी स्टॅनफर्डला परतले आणि २००४ मध्ये प्रबंध पूर्ण केला. त्यांच्या उपकरणात अर्धपारदर्शक आरसे वापरून डोळ्यासमोर तीन वेगवेगळ्या अंतरांवर तीन प्रतिमा एकावर एक दिसत. वस्तू दोन प्रतलांच्या मध्ये असेल तर तिचा उजेड दोन्हींत अंतराच्या प्रमाणात वाटून द्यायचा, म्हणजे डोळ्याला ती मधेच असल्यासारखी वाटते. पाहणाऱ्याने डोकं अजिबात हलवायचं नाही, दिसणारं क्षेत्र छोटं. उत्पादन म्हणून शून्य किमतीचं. पण मोजायचं साधन म्हणून अव्वल.

त्यावरच डेव्हिड हॉफमन, आह्ना गर्शिक, एकली आणि बँक्स यांनी २००८ चा पेपर केला. डोळ्यांना दिलेली खोली तीच, फोकस एकदा जुळणारा, एकदा न जुळणारा. फोकस जुळला तेव्हा लोकांना दोन चित्रं एक करायला कमी वेळ लागला, बारीक खोली जास्त नीट ओळखता आली आणि थकवाही कमी वाटला. व्हीएसीवरचा बहुतेक कुठलाही पेपर उघडा, संदर्भांत हा असतोच. पूर्ण वाचायला एकच पेपर निवडायचा झाला तर मी हाच सांगेन, आणि त्यातला पद्धतीचा भाग दोनदा.

सोडवण्याच्या वाटा

पहिली वाट व्हेरिफोकल. डोळा कुठे बघतोय ते आय ट्रॅकिंगने ओळखायचं आणि आभासी प्रतिमा तिथे सरकवायची. ऐकायला अवजड वाटतं, पण हिशेब सुखद आहे. भिंगाचं नाभीय अंतर ४० मिलिमीटर धरलं तर प्रतिमा अनंतापासून २५ सेंटिमीटरपर्यंत आणायला पडदा भिंगाकडे साडेपाच मिलिमीटर सरकवला की पुरे. फेसबुकच्या हाफ डोम नावाच्या पहिल्या नमुन्यात पडदा असाच मोटरने हलायचा. २०१९ च्या हाफ डोम ३ मध्ये हलणारे भाग गेले आणि सहा लिक्विड क्रिस्टल भिंगं एकामागे एक आली. प्रत्येकाच्या दोनच अवस्था, चालू किंवा बंद, म्हणून दोनाचा सहावा घात, ६४ फोकस अंतरं. मला स्वतःला ही रचना फार आवडते. प्रकाशशास्त्रात बायनरी मोजणी.

वेगाची भीती वाटत असेल तर डोळ्याचं भिंग स्वतःच निवांत आहे हे लक्षात घ्या. त्याला प्रतिसाद सुरू करायलाच सेकंदाचा तिसरा भाग लागतो. आय ट्रॅकिंगच्या चुकीचं काय? बुबुळांमधलं अंतर ६३ मिलिमीटर धरा. दोन मीटरवर बघताना डोळ्यांमधला कोन १.८ अंशांचा असतो. मोजणीत एका अंशाची चूक झाली तर यंत्राला वाटेल की तुम्ही १.३ मीटरवर किंवा ४.५ मीटरवर बघताय. मीटरमध्ये भयंकर. डायऑप्टरमध्ये मात्र ही चूक ०.२८ आहे, अर्ध्याच्या आत. एकक बदललं की समस्येचा आकार बदलतो.

मग व्हेरिफोकल अजून दुकानात का नाही? अडचणी दुसरीकडे आहेत. फोकस बदलला की प्रतिमेचा आकार आणि विकृतीही बदलते, ती त्याच क्षणी दुरुस्त करावी लागते. शिवाय एका वेळी सगळा पडदा एकाच अंतरावर असतो, म्हणून पेनाकडे बघताना मागचं कॅलेंडर आपोआप धूसर होत नाही. तो धूसरपणा संगणकाने रंगवायला लागतो. आणि तो नुसता गुळगुळीत धूसरपणा चालत नाही. डोळ्यातलं भिंग लाल आणि निळा रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस करतं, त्यामुळे वस्तू पुढे आहे की मागे याप्रमाणे कडेच्या रंगछटा बदलतात. बँक्स यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की हा रंगदोष चित्रात मुद्दाम घातला तर डोळ्याचं भिंग त्याला भुलून फोकस बदलतं. आपण आयुष्यभर जो दोष पाहिलाच नाही, तो मेंदू वाचत होता.

मेटाने २०२३ मध्ये दाखवलेला बटरस्कॉच व्हेरिफोकल हा नमुना ५६ पीपीडीपर्यंत पोचतो, म्हणजे जवळपास ६/६, आणि फोकसही बदलतो. पण क्षेत्र ५० अंशांच्या आसपास. पुन्हा तेच देणं-घेणं.

दुसरी वाट मोजकी ठरावीक प्रतलं देण्याची. २०१८ च्या मॅजिक लीप वनमध्ये दोन होती. ते ऑगमेंटेड रिॲलिटीचं यंत्र, पण प्रश्न तोच.

तिसरी लाइट फील्ड. वस्तूकडून येणारे किरण कुठल्या दिशेने येतात तेही पुन्हा उभं केलं तर डोळा मनाप्रमाणे फोकस करू शकेल, असा विचार. गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्येच छोट्या भिंगांच्या जाळीतून छायाचित्र घेण्याची कल्पना मांडली होती. एनव्हिडियाचे डग्लस लॅनमन आणि डेव्हिड लुबकी यांनी २०१३ मध्ये ती जाळी पडद्यावर बसवून चष्म्याएवढं पातळ यंत्र केलं. पण पिक्सेल तेवढेच आणि ते आता दिशांमध्येही वाटायचे. १२८० गुणिले ७२० चा पडदा वापरून हाती आलं ते १४६ गुणिले ७८ चं चित्र. पडद्यावरच्या ऐंशी पिक्सेलांमागे चित्रात एक उरला. पिक्सेलचा प्रश्न कारखान्याचा म्हणून बाजूला ठेवला होता ना, तो इथे मागच्या दाराने परत येतो.

चौथी होलोग्राफी. तत्त्वतः सगळं देते. प्रत्यक्षात क्षेत्र मोठं घेतलं तर डोळा ठेवायची जागा टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि ती मोठी केली तर क्षेत्र आकसतं. दोन्हींचा गुणाकार उपकरणातल्या पिक्सेलच्या संख्येने बांधलेला आहे. यावर स्वतंत्र लेख लागेल.

कुणाचे डोळे?

आतापर्यंत मी डोळा म्हणजे एकच कुठलातरी आदर्श डोळा असल्यासारखं लिहिलं. तसं नसतं, आणि माझ्या मते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त वाव इथेच आहे.

चष्म्यालाच आपण ‘चाळीशी’ म्हणतो, त्यात सगळं आलं. चाळिशीच्या पुढे डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळ फोकस करणं कमी होतं. अशा माणसाचं अकोमोडेशन जवळपास अडकलेलंच असतं. मग त्याला दोन मीटरवर अडकलेल्या प्रतिमेचा त्रास कमी होईल का? स्टॅनफर्डच्या नितीश पद्मनाभन, गॉर्डन वेट्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमका हा वयाचा मुद्दा घेतला आणि मांडलं की फोकस बदलणारा डिस्प्ले सगळ्यांना एकाच पद्धतीने चालवून भागत नाही. तरुण डोळ्याला आणि चाळिशीतल्या डोळ्याला सोयीचं काय ते वेगळं असतं. आता तुमच्या कॉलेजात प्रयोग करायचा झाला तर सहभागी कोण मिळतात? विशीतली मुलं. शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण देणारे आणि घेणारे त्याच वयाचे असतील का?

दुसरी गोष्ट बुबुळांमधलं अंतर, ज्याला आयपीडी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात याला पीडी म्हणतात. प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटर, पण बहुतेक सगळे मिळून ५० ते ७५ च्या पट्ट्यात पसरलेले, आणि स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा कमी. क्वेस्ट २ मध्ये भिंगं तीनच जागी बसायची: ५८, ६३ आणि ६८. जिची पीडी ५४ आहे तिने काय करावं? डोळा भिंगाच्या मध्यावर येत नाही, चित्र कडेला विकृत होतं. स्त्रियांना व्हीआरमध्ये जास्त मळमळतं असं अनेक अभ्यासांत दिसायचं आणि ते स्वभावधर्म असल्यासारखं लिहिलं जायचं. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तपासलं तेव्हा त्या फरकामागचं मुख्य कारण आयपीडी न जुळणं हे निघालं. ज्या स्त्रियांना हेडसेट नीट बसत होता, त्यांचा अनुभव पुरुषांसारखाच होता. दोष भिंगाच्या पट्टीत होता आणि तो माणसाच्या नावावर लिहिला गेला होता.

हे शोधायला सिलिकॉनचा कारखाना लागला नाही. पीडी मोजायची पट्टी कुठल्याही चष्म्याच्या दुकानात असते. तेव्हा तुमचा विषय व्हीआरच्या जवळपासचा असेल, अगदी सॉफ्टवेअरचा किंवा शिक्षणशास्त्राचा असला तरी, सहभागींच्या तक्त्यात चार रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा: वय, चष्म्याचा नंबर, पीडी, आणि प्रयोगातली वस्तू डोळ्यापासून किती डायऑप्टरवर होती. सहभागी घरी गेल्यावर हे रकाने भरता येत नाहीत.